फोन कोणाच्या नावावर?

मला यंत्रांचा नाद आहे, हे आधीच सांगून टाकते. नवा फोन बाजारात आला की त्याची बॅटरी किती, पडदा कसा, आतली चिप कोणती, कंपनी किती वर्षं त्याला नवी प्रणाली पुरवणार, हे सगळं मी मन लावून वाचते. विकत घेण्याची ऐपत नसली तरी वाचते. घरातला मिक्सर, संघटनेचा जुना टेपरेकॉर्डर, भावाचा नोकियाचा फोन, सगळं मी कधी ना कधी उघडून बसलेली आहे. (दोनदा परत जोडता आलं नाही, तेही खरं.) कार्यकर्त्या बाईनं असला छंद बाळगणं आपल्यात फारसं बरं दिसत नाही. ‘चंगळवाद’ हा शब्द आपल्या तोंडी पटकन येतो आणि मोबाईलचा विषय निघाला की तो हमखास येतो. तेव्हा हा लेख थोडासा कबुलीचा आणि बराचसा भांडणाचा आहे असं समजून वाचावा.

भांडण कशाबद्दल आहे ते कळायला मांजरसुंब्याच्या चौकात यायला हवं. बीडहून घाट चढून वर आलं की बालाघाटाच्या डोंगरात हा चौक लागतो. सोलापूर-धुळे महामार्ग इथून जातो आणि पाटोद्याकडून येऊन नेकनूर, केज, अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता त्याला इथंच छेदतो. ढाबे, टायरची दुकानं, सीताफळांच्या दिवसांत पाट्या घेऊन बसलेल्या बायका, कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या यात्रेला निघालेली माणसं, आणि दिवाळीच्या आगेमागे संसार लादून ऊसतोडीला निघालेले ट्रक-ट्रॅक्टर, सगळं या चौकातून जातं. अलीकडच्या वर्षांत त्यात मोबाईलच्या दुकानांची भर पडली. दुकानांवरच्या फलकांत हसणारी, केस मोकळे सोडलेली एक मुलगी हातात फोन धरून उभी असते. दुकानात मात्र मी आजवर एकटी बाई फोन निवडताना पाहिलेली नाही. सोबत नवरा असतो, मुलगा असतो, नाहीतर भाचा तरी असतो.

२०२५ च्या ऑक्टोबरात याच चौकातल्या एका सेवा केंद्राबाहेर बायकांची रांग लागली होती. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या दरमहा दीड हजार रुपयांसाठी सप्टेंबरमध्ये सरकारनं ई-केवायसी सक्तीची केली होती. बाईनं आपला आधार क्रमांक द्यायचा, आधारला जोडलेल्या मोबाईलवर एक आकडा येतो तो सांगायचा. त्यालाच ओटीपी म्हणतात. पण एवढ्यावर भागत नव्हतं. त्यानंतर नवऱ्याचा, आणि लग्न झालेलं नसेल तर वडिलांचा, आधार क्रमांक द्यायचा आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला आकडाही सांगायचा. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे की नाही, हे पडताळण्यासाठी ही व्यवस्था असल्याचं सांगितलं गेलं. हेतू काहीही असो, बाईच्या खात्यावर येणाऱ्या पैशाची किल्ली नवऱ्याच्या खिशात गेली.

रांगेतल्या बहुतेकींच्या हातात फोन होता. मी आपली सवयीनं विचारत गेले, “हा फोन तुमचाच का?” उत्तरं अशी आली. “पोराचा हाय, शाळेतून येऊस्तवर आणलाय.” “जावंचा हाय.” “घरातलाच हाय की.” या तिसऱ्या उत्तरावर मी बराच विचार केला. घरातलाच म्हणजे कोणाचा? चूल घरातली असते, पाट-वरवंटा घरातला असतो, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण ती वापरणारी कोण ते ठरलेलंच असतं. फोन मात्र घरातला असूनही सकाळी घरातून बाहेर जातो आणि रात्री परत येतो.

रांगेत एक बाई होती. नवऱ्यानं अकरा वर्षांपूर्वी सोडलेली. दुसरी केली, तिला घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला जातो, तिकडंच राहतो. ही मुलासोबत कोयता धरते. वडील वारलेले. केंद्रातल्या पोराची काही चूक नव्हती, यंत्रानं जे मागितलं ते तो मागत होता: नवऱ्याचा आधार नंबर आणि त्याच्या फोनवर आलेला आकडा. बाई माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, अकरा वर्सांनी त्याला फोन लावून इचारू व्हय, आकडा सांगा म्हणून? आन् त्यानं सांगितला, तर त्याचे पैसे मागंल की.”

या योजनेच्या मूळ नियमांत पात्र बायकांची यादी आहे. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, असे शब्द त्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे नियम लिहिणाऱ्याला परित्यक्ता माहीत होती. संगणकाचा अर्ज तयार करणाऱ्याला ती माहीत नव्हती, किंवा त्यानं ती धरली नाही. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद द्यावा अशी सोय झाली. पण टाकलेल्या बाईजवळ यातला कोणता कागद असतो? नवरा मेलेला नाही आणि कोर्टात कोणी गेलेलं नाही. टाकलं जाणं याचा दाखला मिळत नाही.

आपल्या चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, तेव्हापासून वेगळं रेशनकार्ड, राहायला घर, नवऱ्याच्या मालमत्तेत हक्क या मागण्या आपण करत आलो. नव्वदच्या सुमाराला शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्याचा. सातबारा कोणाच्या नावावर, घर कोणाच्या नावावर, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण, हे प्रश्न विचारायला आपण बायकांना शिकवलं आणि स्वतःही शिकलो. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या यादीत आता सिमकार्ड घाला. बैठकीत हजेरी घेताना विचारा: फोन आहे का, सिम कोणाच्या नावावर आहे, आधारला कोणाचा नंबर जोडलेला आहे, बँकेला कोणाचा नंबर दिलेला आहे. चारही प्रश्नांना ‘माझा’ असं उत्तर देणारी बाई मला आमच्या भागात क्वचित भेटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के जणींनी आपल्याजवळ स्वतः वापरायचा मोबाईल असल्याचं सांगितलं होतं. खेड्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या खाली होतं. आणि वापरायला मिळणं वेगळं, नावावर असणं वेगळं. हा फरक शेतीच्या बाबतीत आपल्याला चांगला ठाऊक आहे.

नावाची एक गोष्ट मात्र बाईच्या वाट्याला पटकन येते, ती म्हणजे कर्ज. बचत गटाचं किंवा छोट्या कर्जाच्या कंपनीचं कर्ज बाईच्या नावावर निघतं, कारण बायका हप्ते बुडवत नाहीत. त्या पैशातून बियाणं येतं, दवाखाना भागतो, आणि अलीकडे पोराचा पंधरा-अठरा हजारांचा फोनही येतो. गटातल्या एका बाईनं मला पासबुक दाखवलं. हप्ता तिच्या नावावर, सही तिची. फोन मुलाच्या हातात, त्यातलं सिम नवऱ्याच्या नावावर. तिच्याकडे त्याच फोनचं रिकामं खोकं होतं, त्यात ती औषधाच्या गोळ्या ठेवत होती.

आता थोडं फोनविषयीच बोलते. माझ्या आवडीचा विषय आहे, आणि त्यावर लिहिणारे बहुतेक पुरुष आहेत, तेही शहरातले. ते फोनची परीक्षा कशी करतात? खेळ किती वेगानं चालतो, रात्रीच्या हॉटेलात फोटो कसा येतो, चार्जिंग किती मिनिटांत होतं. मी हे सगळं आवडीनं वाचते आणि मग माझ्या ओळखीच्या बायकांचे हात आठवते.

पहिली गोष्ट हाताची. आजकालचे बहुतेक फोन साडेसहा इंचांचे किंवा त्याहून मोठ्या पडद्याचे आहेत. एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्यानं वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचणं माझ्या हाताला जमत नाही. दुसऱ्या हातात पोर असेल, घागर असेल, बसमधला दांडा असेल तर काय करायचं? अ‍ॅपलनं २०२० आणि २०२१ साली छोटे ‘मिनी’ फोन काढून पाहिले, अपेक्षेइतके खपले नाहीत म्हणून पुढं काढले नाहीत. स्वस्तातल्या फोनमध्ये लहान आकार मिळणं तर जवळपास बंदच झालं. आणि मोठा फोन ठेवायचा कुठं? लुगड्याला खिसा नाही, पोलक्याला खिसा नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या कमरेला चंची लावत, तंबाखू, सुपारी, चार पैसे त्यात राहत. ती चंची बंद झाली आणि खिसा काही मिळाला नाही. बाई फोन पोलक्यात खोचते. घामानं तो भिजतो, आणि दुकानदार म्हणतो, “पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.” पावसात, तळ्यात टिकणारे फोन निघाले आहेत म्हणे. बाईच्या घामात टिकणारा फोन म्हणून एखाद्या कंपनीनं जाहिरात करून पाहावी.

दुसरी गोष्ट बोटांच्या ठशांची. फोन उघडायला बोट, रेशनला बोट, बँकेच्या प्रतिनिधीकडे पैसे काढायला बोट. ऊस तोडून, खुरपून, राखेनं भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत त्यांनी काय करायचं? “तुमचं बोट लागत नाही” हे वाक्य आमच्याकडच्या बायकांनी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्या आता बोट आधी ओठाला लावून ओलं करतात, मग यंत्रावर ठेवतात. ते यंत्र बनवणाऱ्यानं कोणाची बोटं समोर ठेवली होती, हा प्रश्न मला पडतो.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. पुष्कळ फोन फोटो काढताना चेहरा आपोआप गोरा आणि गुळगुळीत करतात. आमच्या गटातल्या एका मुलीनं ओळखपत्रासाठी असा फोटो काढून आणला, तो बघून तिची आजी म्हणाली, “ही कोण?” गुगलनं २०२१ साली आपल्या पिक्सेल फोनमध्ये सावळ्या-काळ्या वर्णाचा खरा रंग उमटावा म्हणून खास प्रयत्न केले, त्याची जाहिरातही बरीच केली. म्हणजे इतकी वर्षं कॅमेरे कोणत्या रंगाला प्रमाण धरून बनत होते याची ती कबुलीच झाली. गोरेपणाच्या क्रीमविरुद्ध आपण लेख लिहिले, मोर्चे काढले. फोनमधल्या या क्रीमकडे मात्र आपलं लक्ष गेलेलं नाही. ते बंद करायचं बटण फोनमध्ये असतं, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन शोधावं लागतं.

आणि या सगळ्याच्या आधी टॉर्च. २००३ साली नोकियाचा ११०० हा फोन आला, त्याच्या डोक्यावर बारीकसा दिवा होता. खेड्यातल्या माणसानं तो फोन का उचलून धरला ते तज्ज्ञांनी नंतर पुष्कळ सांगितलं. बायकांनी तो का धरला ते मी सांगते. पहाटे अंधारात गावाबाहेर जायला दिवा लागतो. साखर कारखान्याच्या माळावरच्या कोपीत वीज नसते, साप-विंचू असतात, पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या असतात. तिथं आजही आधी दिवा आणि मग फोन. बॅटरी किती मोठी यापेक्षा, ती कुठं भरायची हा खरा प्रश्न असतो. टोळीतले फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर किंवा जवळच्या टपरीवर चार्ज होतात आणि त्या रांगेतही पुरुषांचे फोन आधी लागतात.

त्यामुळे ‘मोबाईल म्हणजे चंगळ’ असं कोणी म्हटलं की मला राग येतो. घरातल्या प्रत्येक यंत्राबद्दल हेच बोललं गेलेलं आहे. पिठाची गिरणी आली तेव्हा बायका आळशी होतील असं म्हणणारे होते. जात्याबरोबर ओव्या गेल्या म्हणून हळहळणारेही आहेत, आणि ओव्या गेल्या हे खरंच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, त्यांत आमच्या जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. पण पहाटे उठून पायली पायली दळणाऱ्या बाईला विचारा, ती जातं परत मागणार नाही. गंमत अशी की त्या ओव्या आता ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’नं सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत आणि मी त्या फोनवर ऐकते. आमच्या बैठकीत एकदा लावल्या, तर दोन म्हाताऱ्या फोनच्या आवाजात आवाज मिळवून गायला लागल्या, आणि मग म्हणाल्या, “बंद कर ते, आमालाच येतंय.”

लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला या यंत्रानं जे दिलं ते आपण नीट मोजलेलं नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, २०१७ साली गुगलनं मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. त्यानंतर अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलेल्या बायका आवाजी निरोप पाठवायला लागल्या. पत्र लिहायला, वाचायला दुसऱ्याकडे जावं लागत होतं तोवर बाईची कोणतीही गोष्ट तिची एकटीची राहत नव्हती. सासरची तक्रार माहेरी कळवायची तर ती पत्र लिहिणाऱ्या दिराला आधी कळायची. आता ती गुरांच्या गोठ्यामागे उभी राहून आईशी बोलते. लहानपणी लग्न लावलं जात असलेल्या मुलीच्या मैत्रिणीला १०९८ वर फोन लावता येतो. कारखान्याच्या काट्यावरची पावती मुकादम हातात देत नसेल तर तिचा फोटो काढून ठेवता येतो. उचल नवऱ्याच्या हातात जाते, हिशेब मुकादम आणि नवरा यांच्यात होतो, अर्धा कोयता तिचा असला तरी तिला आकडा माहीत नसतो. पावतीचा फोटो ही त्या हिशेबात शिरायची पहिली फट आहे.

असं असताना माझ्या काही मैत्रिणींना मी यंत्राच्या प्रेमात आंधळी झालेली वाटते. त्यांचं ऐकून घेते. यंत्र कोणाच्या हातात गेलं तर काय करतं, हे बीड जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. सोनोग्राफीचं यंत्र आमच्याकडे आलं आणि सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे २००१ साली ८९४ असलेल्या मुली २०११ च्या जनगणनेत ८०७ वर आल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानं १९८८ साली आणि देशानं १९९४ साली कायदा केला, तो चळवळीनं भांडून मिळवला, आणि तरीही हे झालं. पण तेव्हासुद्धा सोनोग्राफी गाडून टाका असं आपण म्हटलं नव्हतं. अडलेल्या बाळंतिणीला तेच यंत्र वाचवतं. यंत्राची नोंद झाली पाहिजे, ते कोण वापरतं, कशासाठी वापरतं, त्याचा फॉर्म भरला गेला पाहिजे, असं आपण म्हटलं. फोनच्या बाबतीत मात्र आपण एकदम सासूच्या भूमिकेत जातो: मुलीच्या हातात नकोच.

आणि ती भूमिका घेणारे आपल्याआधी बरेच उभे आहेत. २०२५ च्या डिसेंबरात राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात पंधरा गावांच्या जातपंचायतीनं सुना-मुलींना कॅमेऱ्याचा फोन नको, साधा चालेल, असा ठराव केला. देशभर गदारोळ झाला तेव्हा तो मागे घेतला. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाच्या ग्रामसभेनं २०२२ साली अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद केला, तो मुलगे आणि मुली दोघांनाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात त्याच वर्षी संध्याकाळी सातला भोंगा वाजवून सगळ्या घरांतले टीव्ही-मोबाईल दीड तास बंद ठेवायला सुरुवात झाली. या तिन्ही गोष्टी एका पारड्यात घालू नका. भोंगा बापालाही लागू आहे. जालोरचा ठराव सुनेला आहे आणि तिच्या नवऱ्याला नाही. आपल्या गावात कोणी असा ठराव आणला तर पहिला प्रश्न हाच विचारायचा, हा कोणाकोणाला लागू?

भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. मुलीचा फोटो फिरवण्याची धमकी देऊन तिला छळल्याच्या गोष्टी आमच्याकडेही आल्या. त्यांतल्या एकीत मुलीनं आईला सांगायला तीन आठवडे घेतले, कारण सांगितलं की पहिल्यांदा फोन काढून घेतला जाईल हे तिला माहीत होतं. झालंही तसंच. फोन गेला, शाळा गेली, धमकी देणारा पोरगा चौकात उभाच. तक्रार करायची तर त्या फोनमधले निरोप हाच पुरावा होता आणि तो बापानं रागानं पुसून टाकला होता. तेव्हा एवढं तरी सगळ्यांनी लक्षात ठेवा: निरोप पुसायचे नाहीत, पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, १९३० वर किंवा पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करायची. आणि मुलीचा फोन मुलीकडेच ठेवायचा.

माझी खरी काळजी दुसरीकडे आहे. सरकारला बाईच्या हातातला फोन हवा आहे, पण तिच्यावर नजर ठेवायला आणि तिच्याकडून फुकट काम करून घ्यायला. अंगणवाडी ताईंना २०१९ साली जे फोन मिळाले ते २ जीबी रॅमचे होते. त्यात पोषण ट्रॅकर नीट चालेना, तापायचे, अडकायचे, अ‍ॅप इंग्रजीत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या ताईंनी ते फोन शासनाला परत केले. माझ्या मते तंत्रज्ञानावरचं इतकं चांगलं परीक्षण त्या वर्षी दुसऱ्या कोणी केलं नाही: हजारो बायकांनी वापरून पाहिलं, चालत नाही म्हणून पेटीत घालून परत दिलं. २०२५ च्या जुलैपासून घरपोच आहार देताना गरोदर आणि स्तनदा बाईचा चेहरा यंत्रानं ओळखण्याची सक्ती आली. रेंज नसलेल्या वाडीवर पोर कडेला घेऊन, ऊन तोंडावर घेऊन बाई फोनसमोर डोळे मिचकावते आणि ताई म्हणते, “अजून एकदा.” रोजगार हमीच्या कामावरही २०२३ च्या जानेवारीपासून दिवसातून दोनदा फोटोची हजेरी सक्तीची झाली होती. फोटो चढला नाही तर केलेल्या कामाची मजुरी अडकायची.

म्हणजे फोन नसेल तर बाई नागरिकच नाही, आणि असेल तर ती चोवीस तास हजेरीवर. या दोन्हीच्या मधली जागा भांडून घ्यावी लागणार आहे आणि ती फोन ओळखणाऱ्या बायकाच घेऊ शकतील. म्हणून माझी गटांना एक सूचना आहे, आणि ती माझ्या छंदातून आलेली आहे हे मान्य करते. शिवणक्लास, पापड, लोणची आता पुरे झाली. मुलींना मोबाईल दुरुस्ती शिकवा. पडदा बदलणं, चार्जिंगची पिन बदलणं, बॅटरी बदलणं, सोल्डरिंग, यात पुरुषाच्या ताकदीचं काही नाही. पोलक्याला हूक लावण्याइतकंच बारीक काम आहे. आज बाईला फोन दुरुस्तीला टाकायचा तर तो अनोळखी पोराच्या हातात उघडा द्यावा लागतो, आत तिचे फोटो, तिचे निरोप. त्या भीतीनं कित्येकींचे फोन फुटक्या पडद्यानं चालू आहेत. चौकात एका मुलीचं दुकान असतं तर?

दुरुस्तीचा मुद्दा पैशाचाही आहे. २०२० च्या एप्रिलपासून मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे. २०२५ च्या सप्टेंबरात टीव्ही, एसीवरचा कर उतरला, फोनवरचा तसाच राहिला. त्या वर्षाच्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आणि स्वस्तातले फोन आणखी महाग झाले. युरोपात २० जून २०२५ पासून नियम झाला आहे की विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं फोनचे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि बॅटरी ८०० वेळा भरल्यावरही तिची ८० टक्के ताकद शिल्लक राहिली पाहिजे. असा नियम ज्या बाईचा फोन पोरानं वापरून, नवऱ्यानं वापरून मग तिच्यापर्यंत येतो, तिच्या सगळ्यात कामाचा आहे. घरातलं उष्टं अन्न तसा हा उष्टा फोन. त्याची बॅटरी संपलेली, जागा भरलेली, आवाज घोगरा. आणि वर बोलणं, “तुला काय जमतंय का बघ.”

मला बायका विचारतात, ताई, कोणता फोन घ्यावा? मी कंपनीचं नाव सांगत नाही. हातात मावतो का बघा. दुकानदाराला वाजवून दाखवायला सांगा, गलक्यात ऐकू येतो का. पुढची चार-पाच वर्षं कंपनी त्याला सुरक्षेचे बदल पुरवणार का विचारा. (२०२३-२४ पासून गुगल आणि सॅमसंग त्यांच्या महागड्या फोनना सात वर्षं देतात, स्वस्त फोनना का नाही, हेही विचारा, उत्तर मिळणार नाही.) बॅटरी बदलायला किती लागतात ते आधी विचारा. बिल स्वतःच्या नावावर घ्या. सिम स्वतःच्या आधारवर घ्या आणि तोच नंबर बँकेला द्या. उघडायचा आकडा कोणाला सांगू नका. या शेवटच्या वाक्यावर बैठकीत नेहमी हशा होतो. “नवऱ्याला बी नाही?” असं कोणीतरी विचारतं. नवऱ्याचा आकडा तुम्हाला माहीत आहे का, असं मी विचारते.

त्या रांगेतल्या बाईनं दिवाळीआधी स्वतःच्या नावावर सिम घेतलं. फोन जुना, आमच्यातल्या एकीनं दिलेला, मी त्याची बॅटरी बदलून दिली. (या वेळी परत जोडता आला.) तिचं नाव मराठीत लिहून दाखवलं, तर तिनं बोटानं पडद्यावरचं नाव पुसून पाहिलं. आवाजी निरोप कसा पाठवायचा ते ती दोन वेळात शिकली. आधारला तिचा नंबर जोडून झाला, तिचा स्वतःचा आकडा तिच्या फोनवर आला. नवऱ्याचा रकाना रिकामाच राहिला. तहसीलला अर्ज दिला, अंगणवाडीतून लिहून घेतलं, सरपंचांचं पत्र जोडलं.

नोव्हेंबरात तिची टोळी मांजरसुंब्याहून गेली. आठ दिवसांनी तिचा निरोप आला. मागे उसाचं पाचट सळसळल्याचा आवाज आहे, कोणीतरी लांबून हाक मारतंय. ती म्हणते, “ताई, हितं फडाच्या कडंला रेंज येती. लाईट चांगला पडतोय फोनचा. त्या पैशाचं काय झालं?”